केडगावची विहीर

(दृश्य : केडगाव स्टेशन, पहाट. रुळांवर धुकं.)

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. इथेच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायकांचा आश्रम आहे. खरं तर इथे संस्था काढायची, असं बाईंच्या मनात नव्हतं. विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेचा खर्च निघावा म्हणून शंभर एकर जमीन घ्यायची, विहिरी खणायच्या, संत्री-लिंबं लावायची, एवढाच बेत. माणसं आली ती दुष्काळामुळे.

आणि दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

(दृश्य : दाट रान. सुकलेली पानं.)

वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतलेला माणूस. १८५८ साली रमा जन्मली ती कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं आणि तिरुपतीजवळच्या जंगलात पानं खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली.

उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत उत्तरेत पोहोचली. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत बसून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, तेही अगदी साध्या शब्दांत.

कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ साली पटकीने नवराही गेला. वय तेवीस. पदरात मनोरमा, दहा महिन्यांची.

(दृश्य : इंग्लंड. जुनी छायाचित्रं.)

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कान अधू. तो मार्ग बंद झाला. वाँटेज गावच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी (जोगिणींनी) त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं एक घर दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तिथे सन्मानाने राहत होत्या. यांना कोण जवळ करतं? आणि का? रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने गोष्ट वाचून दाखवली : भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एकटी आलेली, यहुदी ज्यांना कमी लेखत त्या शोमरोनी लोकांतली स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याने सगळं शांत झालं, असं समजू नका. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, ही कबुली त्यांचीच. त्यासाठी आणखी आठेक वर्षं जावी लागली. बाहेरही शांतता नव्हती. पुण्यातल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, या आरोपावरून १८९३ साली पुणं पेटलं. 'केसरी'ने झोडपलं. पाठीशी उभे असलेले रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि या पाच मिनिटांत तो मिटवण्याचा आव आम्ही आणत नाही.

(दृश्य : कोरडं शेत. दूरवर चालत येणाऱ्या बायका.)

१८९६-९७. मध्य प्रांतात दुष्काळ. रमाबाई तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या पोरी पाहिल्या आणि आपली भूक आठवली. देवाने मला त्या जंगलातून का वाचवलं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुठल्या प्रवचनात नव्हे, तर या पोरींच्या चेहऱ्यांत दिसलं असावं. शेकडो जणींना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, मग सगळ्यांना केडगावच्या बागेत नेलं. डोक्यावर छप्पर नव्हतं, तंबू होते. विहिरी मात्र होत्या.

पुढे अंधांसाठी बार्तिमी सदन झालं. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. त्यामागे फुलहॅम होतंच.

(दृश्य : छापखाना. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं.)

शेवटची वर्षं गेली बायबलाच्या भाषांतरात. हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२१ साली मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच. रमाबाईंनी हातातलं काम सोडलं नाही. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

हे बायबल छापलं मुक्तीतल्याच बायकांनी. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, ती विहीर, ती दुपार, ती बाई, खिळ्याला खिळा लावून जुळवली ती त्यांनीच.