तीन फुटी दार आणि गणपती

[दृश्य: कोल्हापूर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली. पत्र्याच्या शेडमध्ये बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगा. मे महिन्याची दुपार.]

"ह्यो दरवाजा किती फुटी काढलायस?"

"तीन."

"आणि ह्यो गणपती?"

मूर्ती घडवणारे काका उत्तरासाठी थांबलेच नाहीत. खिशातला टेप काढला आणि सिंहासनावर बसलेल्या मूर्तीच्या पाटाला लावला. तीन फूट आठ इंच. मग माझ्या नकाशाकडं बघत म्हणाले, "म्हंजे ह्याचं इसर्जन घरातच करायचं व्हय गं?"

शेडमधले सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? तो नकाशा काढायला मला सहा आठवडे लागले होते.

मी आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षी थीसिस असतो. एक जागा निवडायची, एक प्रश्न निवडायचा आणि वर्षभर त्यावर इमारत उभी करायची, अर्थात कागदावर. मी निवडली ही गल्ली. कुंभारांची घरं, त्यांचं काम आणि सगळ्यांना मिळून वापरता येईल अशी एक इमारत.

[दृश्य: गल्लीतून संथ चाल. अरुंद दारं, दारात वाळत घातलेले साचे, काथ्याचे भारे.]

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी वसवलेली पेठ. गुळाच्या बाजारानं ती नावारूपाला आली. या गल्लीत मात्र गूळ नाही, माती आहे. वर्षातले आठ-नऊ महिने घरात माणसं कमी आणि मूर्ती जास्त. पुढच्या खोलीत साचे, मधल्या खोलीत अंगकाम, मागं रंग. स्वयंपाकाला उरेल ती जागा.

माझ्या पहिल्या नकाशात असं काही नव्हतंच. घरकुल योजनेत दुर्बल गटासाठी ३० चौरस मीटर चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) धरतात, म्हणजे ३२३ चौरस फूट. तेवढ्यात मी हॉल, किचन, बेडरूम, टॉयलेट चोख बसवलं होतं. वर पश्चिमेला भल्या मोठ्या खिडक्या. भरपूर ऊन आत येतं म्हणून मला त्यांचा फार अभिमान होता.

त्या खिडक्या काकांनी दरवाजाच्याही आधी बाद केल्या. शाडूची मूर्ती सावलीत, सावकाश सुकवायची असते. ऊन लागलं की वरचं अंग आधी सुकतं, आतलं ओलं राहतं आणि तडा जातो. त्यांना हवा होता वारा. प्रकाश म्हणजे चांगलं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. कुणाच्या कामाला चांगलं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

[दृश्य: भिंतीवर गेरूने ओढलेल्या तीन रेघा. म्हातारे हात एकेक रेघ दाखवतायत.]

या तीन रेघा पुराच्या. २००५, २०१९, २०२१. वरच्या दोन रेघांत जेमतेम वीतभर अंतर आहे आणि दोन्ही माझ्या डोक्याच्या वर आहेत.

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती फूट झालं?" पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पण पाणी नदीकडून चालत गल्लीत येतं असं नाही. शहराचं पाणी जयंती नाल्यातून नदीला मिळतं. नदी फुगली की नाल्याला वाटच उरत नाही, उलट नदीच नाल्यातून मागं सरकत शहरात शिरते.

आणि ती येते जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा घरात वर्षभराची कमाई मूर्तींच्या रूपानं उभी असते. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. पाणी लागलं की परत माती.

गल्लीतल्या एक आजी सांगत होत्या, पाणी चढायला लागलं की आधी गॅसची टाकी साखळीनं खिडकीच्या गजाला बांधायची, नाहीतर ती तरंगत जाते. रेशनकार्ड आणि घराचे कागद निळ्या पिंपात. मग मूर्ती. मुलं साखळी करून हातोहात त्या माडीवर चढवतात. मोठ्या मूर्ती जिन्याला वळत नाहीत, त्या खालीच राहतात.

मी आजींना पाटबंधारे खात्याच्या पूररेषा समजावून सांगत होते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आजींनी भिंतीकडं बघितलं. "शंभर वर्सांत येकदा? मग मी तीनशे वर्साची झाली का काय?"

शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. गेल्या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी, असं त्यात नसतं. मी हे सांगितलं. पण आजींचं गणित ऐकायला जास्त बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

[दृश्य: दसरा चौक. पावसात शाहू महाराजांचा पुतळा, भोवतीची बोर्डिंगं.]

इमारत लोकांची कशी होते, हे बघायला मी आधी पुस्तकांत गेले आणि मग दसरा चौकात आले. खरं तर उलट करायला हवं होतं.

बाहेरून येणाऱ्या आर्किटेक्टना आपण न्यू पॅलेस दाखवतो, टाउन हॉल दाखवतो. ब्रिटिश आर्किटेक्ट मेजर चार्ल्स मँट यांची घडीव दगडातली कामं. देखणी आहेत, वादच नाही. पण मला जास्त शिकवलं ते शाहू महाराजांच्या काळातल्या वसतिगृहांनी, म्हणजे या बोर्डिंगांनी. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातला पोरगा शिकायला शहरात येईल, तर राहील कुठं आणि जेवेल काय? सगळी योजना या एका प्रश्नातून निघालेली.

वसतिगृह म्हणजे एका वेळी शे-पन्नास माणसांचं जेवण, झोपणं, आंघोळ सांभाळणारी जागा. पूर आल्यावर लागतं तेही हेच. नाल्याकाठचा सुतारवाडा दर पुरात पहिल्यांदा हलवावा लागतो आणि तिथली माणसं जवळच्या चित्रदुर्ग मठात येतात. तो मठ काही पूरग्रस्तांसाठी बांधलेला नाही. पण शहरानं त्याला कामाला लावलं.

खासबागचंही तसंच. १९१२ चं कुस्तीचं मैदान. मधे हौदा, भोवती चढत जाणारा उतार, म्हणजे सगळ्यांत मागं बसलेल्या माणसालाही डाव दिसतो. लोक नेमकं काय करणार आहेत ते आधी ठरलं, आकार त्यातून आला. त्याला लागूनच १९१५ चं पॅलेस थिएटर, आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हा रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती. पार्किंगच्या इमारतीसाठी कुणी असं रडेल का?

[दृश्य: ड्रॉइंग टेबल. बटर पेपरवर पेन्सिल, खोडलेली चित्रं.]

मधल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढं काम मांडताना, मला विचारलं गेलं, "कॉन्सेप्ट काय आहे?" मी म्हणाले, "रॅम्प." हे उत्तर फारसं आवडलं नाही. कॉन्सेप्ट म्हणजे काहीतरी कमळ, शंख, नदीचा प्रवाह असावं अशी अपेक्षा असते. माझ्याकडं होती चढण.

गणपती जिन्यानं जात नाही, उतारावरून जातो. जमिनीपासून पहिला मजला १२ फूट वर. एक फूट चढायला बारा फूट चाल, असा सौम्य उतार धरला तर १४४ फूट लांब रॅम्प लागतो. एवढा लांब कुठं घालायचा? दोन दिवस कागद फाडले. मग चौक आठवला, आपल्या वाड्यातला. ३६ फुटांची एक बाजू, अशा चार. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस! कोपऱ्यांवर टेकायला सपाट टप्पे, त्यासाठी चौक थोडा मोठा केला.

नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात घरं बांधली. सात-सात घरांत मिळून एक अंगण, साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं. सात घरांना एकमेकांची नावं माहीत असतात, सत्तर घरांना नसतात. माझा चौक त्याहून मोठा आहे, आणि त्याचं मधलं अंगण रिकामंच ठेवलंय. त्याला नकाशात नाव दिलेलं नाही. सर म्हणाले, "लेबल टाक, नाहीतर मार्क जातील." मी लिहिलं, "अंगण".

तळमजला मोकळा. तिथं माती कालवायची, साचे धुवायचे. पाणी आलं तर आत येईल आणि निघून जाईल. घरं वर. त्यांच्या पुढं सहा फुटी सज्जा, त्यात काम. दार पाच फुटी, दोन झडपांचं.

आणि पहिल्या मजल्यावर एक मोठी खोली, पुरात सगळ्यांना राहता यावं म्हणून. मोठं स्वयंपाकघर, संडास-न्हाणी. एरवी तिथं मुलांचा अभ्यास, बायकांच्या बचत गटाची बैठक. हे मी काकांना फार उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "जुलैमदी ही खोली रिकामी मिळंल असं वाटतंय तुला? गणपती भरतील की हितं."

"मग माणसं कुठं जातील?"

"माणसाला पावणं असत्यात. गणपतीला कोण ठेवून घेतंय?"

म्हणून आता दोन खोल्या आहेत. एक मूर्तींची, एक माणसांची. रॅम्प, चौक आणि ही दुसरी खोली मिळून चार घरं कमी झाली. चोवीस कुटुंबं होती, आता नकाशात वीसच बसतात. ती चार कोणती, हे मला कुणी विचारलं नाही. ज्युरीतही नाही. गल्लीत विचारतील. माझ्याकडं उत्तर नाही. तिसरा मजला चढवला तर घरं बसतात, पण मग रॅम्प तिथवर न्यायचा का, आणि नाही नेला तर वरच्या चौघांनी काम कुठं करायचं?

[दृश्य: गल्ली. पुठ्ठ्याचं मॉडेल पाटावर ठेवलेलं. भोवती माणसं वाकून बघतायत.]

मागच्या रविवारी मॉडेल घेऊन आले. पाटावर ठेवलं, जसा गणपती ठेवतात. लहान पोरांनी रॅम्पवरून गोटी सोडून बघितली. चार कोपरे वळून ती अंगणात आली, तेव्हा टाळ्या पडल्या. आजींनी पहिल्यांदा स्वतःचं घर शोधलं आणि मग संडास.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टेप काढला. रॅम्पची रुंदी विचारली. मी सांगितली, आठ फूट.

"हातगाडी जाईल. टेंपो खाली कुठनं लागणार?"

मी अंगणाचं तोंड दाखवलं.

"हितनं आत येईल. वळणार न्हाई."

टेंपोला वळायला किती जागा लागते, हे पुस्तकात बघता येईल. पण पुस्तकातल्या टेंपोत गणपती बसलेला नसतो आणि मागं चार पोरं लटकलेली नसतात. म्हणून काकांनी उद्या सकाळी खडू घेऊन बोलावलंय, गल्लीत वळणाचं माप आखायला. सहाला. सातनंतर टेंपो भाड्यावर जातो.

[दृश्य: पहाट. रिकाम्या गल्लीत खडूची अर्धगोल रेघ. टेंपो सुरू झाल्याचा आवाज.]