चपटा मासा आणि टाकीचा तळ

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय आहे घरच्या टाकीतला चपटा मासा. दुकानात त्याच्या टाकीवर ‘फ्रेशवॉटर फ्लाउंडर’ किंवा ‘फ्रेशवॉटर सोल’ अशी चिठ्ठी असते आणि टाकीत पहिल्या नजरेला नुसती वाळू दिसते. मग त्या वाळूत दोन डोळे हलतात आणि गिऱ्हाईक भुलतं. मासा घरी येतो आणि महिना-दोन महिन्यांत मरतो. बहुतेक वेळा तो रोगाने जात नाही, उपाशी मरतो.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा आणि त्या याच क्रमाने ठेवा. आधी तळ, मग पाणी, मग खाणं. पुन्हा सांगतो: आधी तळ, मग पाणी, मग खाणं.

किनाऱ्याकडच्या श्रोत्यांना या गणातले मासे नवे नाहीत. आपला लेपा यातलाच, भाकसही यातलाच. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा याचं पिल्लू इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना दोन डोळे. वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कायमचा एका कुशीवर आडवा होतो. लेप्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला येतात. दुकानातल्या या पाहुण्याचे उजव्या अंगाला.

हा पाहुणा बहुधा हॉगचोकर असतो, शास्त्रीय नाव ट्रायनेक्टिस मॅक्युलेटस. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्सपासून खाली पनामापर्यंत, नद्यांच्या मुखांत आणि खाड्यांत तो राहतो. मेरीलँड किंवा न्यू जर्सीला राहून हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांच्या तर तो दारातलाच. दुसरा गट आशियातला, ब्रॅकिरस. त्याच्या काही जाती मेकाँग नदीत मिळतात आणि गंगेच्या मुखाकडच्या ब्रॅकिरस पॅनची नोंद फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्येच करून ठेवली आहे. दोघांना ओळखायला शेपटी पाहा. हॉगचोकर गोलसर असतो, अंगावर बारीक काळ्या आडव्या रेघा असतात आणि शेपटीचा पर सुटा दिसतो. ब्रॅकिरस लांबट असतो आणि त्याच्या पाठीचा आणि पोटाचा पर शेपटीला जाऊन मिळतो. हे ओळखणं पुढे पाण्याच्या वेळी कामाला येईल.

आता तळ. तळाचं बोलायचं तर नेपल्सची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इटलीत नेपल्स शहरात, समुद्रालगतच्या बागेत, प्राणिशास्त्राचं एक संशोधन केंद्र आहे. आंतोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८७० च्या दशकात उभारलं. लोकांसाठी मत्स्यालय आणि त्याच इमारतीत शास्त्रज्ञांसाठी प्रयोगशाळा. मत्स्यालयाच्या तिकिटांतून संशोधनाला पैसा मिळावा, ही डोर्नची कल्पना. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, दोन-तीन पिढ्यांनी तिथे शाळेच्या सहली नेल्या. पण काचेपलीकडच्या माशावर कोणीतरी काही शोधतंय आणि ते तिकीट काढून आलेल्या पोराला पाहता येतंय, असं मत्स्यालय प्रत्येक किनारी जिल्ह्यात असायला हवं. असो.

तर या केंद्रात १९१० च्या सुमाराला फ्रान्सिस सम्नर नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ काम करत होता. त्याने भूमध्य समुद्रातला एक चपटा मासा घेतला, आज त्याला बोथस पोडास म्हणतात. आधी टाकीच्या तळाला वाळू घातली. मासा वाळूसारखा झाला. वाळू काढून खडी घातली, तर अंगावर खडीसारखे ठसठशीत डाग आले. इथवर नवल नाही, कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

मग सम्नरने असा तळ दिला जो कुठल्याच समुद्रात नसतो. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा, बुद्धिबळाचा पट! कधी चौकोन मोठे, कधी अगदी बारीक. कधी पट्टे, कधी ठिपके, कधी वर्तुळं. आणि प्रत्येक वेळी माशाचे फोटो काढले.

अंगावर चौकोन उमटले का? नाही उमटले. पण चौकोन मोठे असले की माशाचे डाग मोठे आणि ठळक होत. चौकोन बारीक केले की डागही बारीक, सगळीकडे विखुरलेले. मासा पटाची नक्कल करत नव्हता, पटाचा पोत उचलत होता. काही बदल बघता बघता होत, काहींना दिवस लागत. आणि ज्या माशाला दिसत नव्हतं, तो तळाप्रमाणे बदलत नव्हता. म्हणजे वाळू पोटाला लागते म्हणून रंग बदलतो, असं नाही. तो वर आलेल्या त्या दोन डोळ्यांनी आजूबाजूचा तळ पाहतो आणि मग कातडी बदलते. सम्नरचा लेख १९११ मध्ये जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल झूऑलॉजी या नियतकालिकात आला, जवळजवळ शंभर पानांचा.

गोष्ट इथे संपत नाही. १९९६ मध्ये नेचर या नियतकालिकात पुन्हा पट आणि पुन्हा चपटा मासा! या वेळी बोथस ओसेलेटस, उष्ण समुद्रातला. आणि प्रयोग करणाऱ्यांत विलयनूर रामचंद्रन. हो, तेच तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ, ज्यांनी तुटलेल्या हाताच्या भासणाऱ्या वेदनेवर साध्या आरशाने इलाज दाखवला. त्यांना दिसलं की हा मासा दोन ते आठ सेकंदांत नवा पोत अंगावर घेतो. त्याच्याकडे मोजकेच ठरलेले नमुने असतात. तेच तो कमी-जास्त प्रमाणात मिसळतो आणि वाळू असो की पट, काम भागवतो. गंमत बघा, सम्नर पुढे १९१३ पासून कॅलिफोर्नियात ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेत होता आणि रामचंद्रन यांचं विद्यापीठही ला होयातच. ऐंशीहून अधिक वर्षांच्या अंतराने, एकाच गावातल्या दोन माणसांनी माशाखाली बुद्धिबळाचा पट सरकवला.

आपला हॉगचोकर या कलेत एवढा पटाईत नाही. तो गडद होतो, फिका होतो, तेवढंच. पण तळ तोही पाहतो. आणि आपण त्याला काय दाखवतो? गुलाबी, निळे, हिरवे प्लॅस्टिकसारखे खडे. त्यावर निळा एलईडी आणि झाकण उघड-मिट करणारी खजिन्याची पेटी. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी ईशान्य कोपऱ्यात टाकी मांडणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण कोपरा निवडायला जेवढा वेळ दिला तेवढा खडे निवडायलाही द्यावा.

तर तळ, आता पटकन. वाळू हवी रव्याएवढी, कण एक मिलिमीटरच्या आतले आणि गोलसर. मासा त्यात पुरून घेतो, कण धारदार असले तर खालची पांढरी बाजू खरचटते आणि तिथून संसर्ग सुरू होतो. थर तीन ते चार सेंटिमीटर. टाकी उंच नको, पसरट हवी, या माशाला वरच्या पाण्याचा काही उपयोग नाही. हॉगचोकर पंधरा सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतो, कधी त्याहून मोठा होतो. दोन माशांना ९० बाय ४५ सेंटिमीटरचा तळ धरा. एवढ्या तळाला सुमारे २५ किलो वाळू लागते. बादलीत थोडी थोडी घेऊन, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. थर पाच सेंटिमीटरच्या वर गेला तर खाली हवा पोचत नाही, वाळूत काळे पट्टे दिसतात आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशाला विष. आठवड्यातून एकदा मासा बाजूला सरकवून बोटांनी वाळू मोकळी करा.

मासा दोन-तीन दिवसांनीही वाळूच्या मानाने फार फिका किंवा फार काळा दिसत असला, तर माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारे अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्यच हवीत.

आधी तळ झाला. मग पाणी.

‘फ्रेशवॉटर’ या चिठ्ठीवर विसंबू नका. हॉगचोकरची पिल्लं जवळजवळ गोड्या पाण्यात वाढतात, वय वाढेल तसा मासा खाडीत खाली, खाऱ्या पाण्याकडे जातो. मेरीलँडमधल्या पटक्सेंट नदीवरचा अभ्यास १९६९ मध्ये छापून आला, त्यात हे स्पष्ट दिसतं: हिवाळ्यापूर्वी वर, वसंतात अंडी घालायला खाली. म्हणून हॉगचोकरला हळूहळू मचूळ पाणी द्या. मेकाँगकडच्या ब्रॅकिरसना गोडं पाणी चालतं. ब्रॅकिरस पॅन मात्र नदीमुखाचा, त्यालाही थोडं मीठ मानवतं.

मीठ म्हणजे समुद्री टाकीसाठी मिळणारं मिश्रण. स्वयंपाकघरातल्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट हवं तेवढं नसतं. हायड्रोमीटरवर, म्हणजे खारेपण मोजायच्या साधनावर, १.००५ पर्यंत जायचं, म्हणजे लिटरला सहा-साडेसहा ग्रॅम. मी सांगितलेल्या तळावर तीस सेंटिमीटर उंच पाणी भरलं, तर ते साधारण १२० लिटर होतं. त्यात आठवड्याला दीडशे ग्रॅम मीठ वाढवा, पाच आठवड्यांत पोचाल. घाई केली तर फिल्टरमधले अमोनिया फोडणारे जिवाणू मरतात आणि अमोनिया चढतो. मीठ बादलीत पूर्ण विरघळवूनच ओता. टाकीत कोरडं टाकलं तर खडे तळाशी जातात आणि तळाशी कोण आहे ते आपल्याला माहीत आहे. त्याची कातडी भाजते. पाणी बदलताना नवं पाणीही तेवढंच खारं हवं. पण नुसतं उडून गेलेलं पाणी भरायचं तर ते गोडंच भरा. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. हे विसरलं की उन्हाळ्यात खारेपण नकळत चढत जातं. तापमान हॉगचोकरला २० ते २६ अंश पुरे, आशियातल्यांना २४ ते २८.

हीटर असेल तर त्याला जाळीचं आवरण घालाच, हा मासा त्यावर जाऊन चिकटतो आणि भाजून घेतो. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. वर झाकण लावा, कारण तो काचेला चिकटून वर चढतो. काचेला चिकटला की मात्र आपली सोय होते, एरवी न दिसणारी पांढरी बाजू समोर येते. ती नीट बघा. लाल चट्टे म्हणजे वाळू घाण आहे किंवा टोचते आहे.

आता खाणं. आणि मासे मरतात ते इथेच.

हा मासा फ्लेक्स, म्हणजे डब्यातले तरंगणारे पापुद्रे, खात नाही, वर येऊन तर मुळीच खात नाही. तो रात्री, तळाशी, हळू खातो. दिवे मालवून अर्धा तास झाला की गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, वितळवून, लांब चिमट्याने किंवा काचेच्या नळीने त्याच्या तोंडापुढे सोडा. खत-औषध न मारलेल्या मातीतली गांडुळं बारीक तुकडे करून चालतात. ताजा जवळा चालतो, सुकट नको. नुसत्या कच्च्या कोळंबीवर मात्र ठेवू नका. काही कोळंब्यांत आणि शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, आवडीने खातो, पण ते सांडपाण्यातून येतात, तेव्हा शक्यतो टाळा.

उपासमार ओळखायची कशी? याचं पोट लहान, गालामागे एवढंसं, त्यामुळे पोट खपाटीला गेलेलं पटकन कळत नाही. मधल्या कण्याची रेघ उंचवट्यासारखी वर आली आणि दोन्हीकडचं मांस बसलं, की समजा मासा आठवडे उपाशी आहे. हीच खूण दुकानातही बघा आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका.

सोबतीला मोली आणि बंबलबी गोबी ठीक. पफर नको, तो पर कुरतडतो. मोनो आणि स्कॅट नकोत, ते चिमट्यातलं खाणं पळवतात. अगदी छोटी पिल्लं नकोत, ती रात्रीत नाहीशी होतात. मासा हलवायचा तर जाळ्याने नको, पर अडकून फाटतात. प्लॅस्टिकचा पसरट डबा वाळूतून खाली सरकवा आणि माशासकट उचला. आणि कंटाळा आला म्हणून नदीत किंवा खाडीत सोडू नका, आपल्या नद्यांत सकर माशाने काय केलं आहे ते जाळी फाटलेल्या मच्छीमारांना विचारा.

एक राहिलं. गोड्या टाकीचं बदललेलं पाणी आपण कुंड्यांना घालतो, चांगली सवय आहे. या टाकीचं घालू नका, तुळस जळेल. हे पाणी मोरीत ओता.

नमस्कार.