कुंकू चालालंय की!

नमस्कार मंडळी. रोहिणी नक्षत्र लागलंय. वळवाची एक जोरदार सर बेळगावच्या वडगावात पडते आणि शेजारच्या शहापुरात थेंबसुद्धा नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गल्लीतली पोरं मात्र ढग गडगडला की दोन्ही गल्ल्यांत सारखीच ओरडतात. अर्धी म्हणतात "पाऊस आला", अर्धी कानडीत म्हणतात "मळे बंतु", आणि भिजतात सगळी मिळून.

घरात लहान मुलं असताना हे ऋतू बघायचे कसे, यावर मला आज बोलायचंय. मला बरेच जण विचारतात, सुट्टीत मुलांना कुठं नेऊ? गोकाकचा धबधबा दाखवू, की जांबोटीकडं वज्रपोह्याच्या धबधब्याला नेऊ? मी म्हणते, न्या की, जरूर न्या. गोकाकला घटप्रभा 52 मीटरवरून खाली उडी घेते, ते एकदा बघण्यासारखंच आहे. पण भर पावसात, पाणी फुगलेलं असताना, हात सोडून पळणारं तीन वर्षांचं पोर घेऊन कड्याशी जाऊ नका. लांबूनच बघा. आणि तिथं गेल्यावर गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावणारी जी मंडळी असतात, त्यांना धबधब्याचा आवाज ऐकायचा नसेल तर ती एवढं डिझेल जाळून येतात तरी कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. असो.

माझं म्हणणं वेगळंच आहे. एक बांध धरा. घरापासून चालत जाता येईल असा एकच बांध, नाहीतर एकच झाड, एखाद्या तळ्याचा एकच काठ. तिथं दर पंधरा दिवसांनी जायचं. जागा तीच, ऋतू बदलतो. पुन्हा सांगते, जागा तीच ठेवायची. मुलांना बदल कळायचा तर बाकीचं सगळं जागच्या जागी असावं लागतं.

आमचा बांध वडगावहून येळ्ळूरकडं जाताना लागतो. समोर राजहंसगड दिसतो, आजूबाजूला भाताची रानं. हा बांध आम्ही काही ठरवून धरला नाही. तो आम्हाला एका कुंकवाच्या करंड्यानं दिला. आता ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्यानं पुढं जाववणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. 7 जूनला मृग लागला, आणि दुसऱ्या दिवशी चांगला दणकून पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती, म्हणून मी दोन्ही पोरांना घेऊन फिरायला गेले. थोरली तेव्हा सहा वर्षांची, धाकटा तीन. बांधावर थोरली एकदम खाली बसली. ओल्या तांबड्या मातीवर मखमलीचा ठिपका चालत होता. मिरगाचा किडा! डाळिंबाच्या दाण्याएवढा, लालभडक, अंगावर अशी लव की बोट लावल्याशिवाय राहवत नाही. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो आणि आपण श्वास सोडला की पुन्हा चालायला लागतो. तिला असे पाच सापडले. ते तिनं फ्रॉकच्या खिशात टाकले आणि मला पत्ता लागू दिला नाही.

घरी आल्यावर त्यांना ठेवायचं कुठं? डबा घासायला पडलेला, काड्यापेटी देवापाशी भरलेली. तिथंच सासूबाईंचा करंडा होता. जुना, लाकडी, झाकणाला आतून आरसा, एका कप्प्यात मेण आणि एका कप्प्यात कुंकू. हिनं विचार केला, यांचा रंग लाल, कुंकवाचा रंग लाल, म्हणजे यांना तिथं घरच्यासारखं वाटेल. हे तिनं मला नंतर सांगितलं, अगदी गंभीरपणे.

सासूबाई आंघोळ करून आल्या. चष्मा बाहेर राहिलेला. त्यांनी नेहमीच्या सवयीनं करंडा उघडला, कपाळाला मेण लावलं, मग बोट कुंकवात बुडवून कपाळावर टेकवलं. सरावाचा हात तो, आरशाची गरजच नाही. दुसऱ्यांदा बोट आत घातलं आणि थांबल्या. बोट डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. पुन्हा जवळ आणलं. आणि ओरडल्या, "अगं बाई! कुंकू चालालंय की गं!"

आमचे हे चहा गाळत होते, तो अर्धा ओट्यावर. मी धावत गेले. थोरली तोंड पाडून दारात उभी. सासूबाईंनी चष्मा मागवला, बोटाकडं नीट बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "किती होते?"

"पाच, आज्जी."

करंड्यातले मोजले. तीन. बोटावरचा धरून चार. पाचवा काही सापडेना. देवघर झालं, पाट उचलला, पदर झटकला. मी मनातल्या मनात चिरडलेल्या किड्याचं पाप कुणाच्या वाट्याला जाईल याचा हिशेब करत होते. तेवढ्यात धाकटा, जो इतका वेळ आज्जीच्या तोंडाकडं टक लावून बसला होता, तो म्हणाला, "आज्जी, तुझं कुंकू वर चाललंय."

मेणातून पाय सोडवून घेऊन पाचवा किडा कपाळाच्या मधोमध भांगाच्या दिशेनं निघाला होता. मागं कुंकवाची बारीक रेघ!

मला वाटलं, आता थोरलीची काही खैर नाही. सासूबाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचं माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं. म्हणाल्या, "आमचे वडील हा दिसला की म्हणायचे, मिरीग आला, आता पाऊस ठरला." मग एकदम कडक होऊन थोरलीला म्हणाल्या, "जिथनं आणलीस तिथंच सोडून यायचं. आत्ताच्या आत्ता. मी पण येतोय."

आमच्याकडं बायकासुद्धा 'येतोय' म्हणतात, बाहेरगावच्या श्रोत्यांनी दचकू नये. मला पुण्याच्या नणंदेनं यावरून बरंच चिडवलंय. पण ज्या भाषेत माणूस हसतो ती त्याची शुद्ध भाषा, असं माझं ठाम मत आहे.

तर त्या आल्या. गुडघे धरल्यापासून ज्या बाई कोपऱ्यावरच्या देवळाच्या पलीकडं गेल्या नव्हत्या, त्या साडी वर खोचून, करंडा दोन्ही हातांत धरून चिखलातून बांधापर्यंत आल्या. रस्त्यात दोनदा थांबल्या, तेही करंड्याचं झाकण किलकिलं करून "वारं लागू दे" म्हणून. बांधावर उकिडवं बसून त्यांनी एकेक किडा गवताच्या काडीवर चढवून खाली सोडला आणि थोरलीकडून मोठ्यानं मोजून घेतलं. कुंकवानं माखलेले ते पाच जण जरा वेळ तिथंच घोटाळले, मग मातीत शिरले.

शेजारच्या रानात एक मामा वाफे बघत उभे होते. सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "धूळवाफ उगवली काय?" त्यांनी दोन्ही पोरांना आत बोलावलं, वाकायला लावलं, आणि सुईएवढे भाताचे कोंब दाखवले. मे महिन्यात कोरड्या धुळीत पेरलेलं बी आता पाण्यानं वर आलं होतं. "हा भात तुझ्या ताटातला," असं ते धाकट्याला म्हणाले. त्यानं विचारलं, "मग आमटी कुठाय?" मामा म्हणाले, "ती भात कापल्यावर. ह्याच रानात मसूर."

तेव्हापासून आम्ही तिथं जातो, आमटी बघायला.

बराच वेळ गेला, आता उरलेलं वर्ष भराभर सांगते. मिरगाचा किडा खरं म्हणजे किडा नव्हेच. किड्याला सहा पाय, याला आठ, कोळ्याच्या नात्यातला. वर्षाचे बहुतेक दिवस मातीखाली काढतो, पहिल्या पावसाला थोडे दिवस वर येतो. मुलांना पाय मोजायला लावा. हातात घेतला तर परत सोडायचा, जिथला तिथंच.

पुढं तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य. तेव्हा आमचा बांध अर्धा पाण्यात असतो, बळ्ळारी नाला फुगला की वाटच बंद. अशा वेळी रस्त्यावरूनच बघायचं. गमबूट घाला, गवतात आधी काठी आपटा. रेनकोट मापाचा घ्या. दोन वर्षं चालावा म्हणून पायात येणारा रेनकोट घेणाऱ्या आईबापांवर माझा राग आहे, पोर पाऊस बघेल की कोट सावरेल? कणकुंबीकडं गेलात तर जळवांसाठी मीठ जवळ ठेवा. आणि तिथं मुलांना एवढं सांगा, की मलप्रभा इथं उगमते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, तर म्हादई याच डोंगररांगेतून पश्चिमेला गोव्याच्या समुद्राकडं वळते. आमच्या थोरलीनं यावर विचारलं होतं, "मग पावसाला कसं कळतं कुठं पडायचं?" अजून उत्तर दिलेलं नाही.

पावसाळा सरता सरता शेपटी हलवत धोबी पक्षी येतो, लांब उत्तरेकडून. सुगी होते, थंडी पडते, धुक्यात गड दिसेनासा होतो आणि धाकटा विचारतो, गड कुणी नेला. पावसाबरोबर भजी हवीतच असं ज्यानं ठरवलं, त्यानं थंडीत बांधावर बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या नसाव्यात. फाल्गुनात पळस, चैत्र-वैशाखात जांबोटीकडून पानांच्या द्रोणांतून येणारी करवंदं. फोडून बघायचं, लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. घरातली मोठी माणसं यात लबाडी करतात, त्यांच्याकडं लक्ष ठेवा.

आणि ज्यांच्या घरापुढं अजून मातीचं अंगण आहे त्यांनी त्यावर फरश्या घालण्याआधी दहादा विचार करा. आमच्या गल्लीत आता पाण्याला मुरायला जागा नाही, आणि मग नाला फुगला म्हणून आपणच ओरडतो.

तर पुन्हा एकदा सांगते, एक बांध, दर पंधरा दिवसांनी. या आठवड्यात आम्ही गेलो होतो. माती अजून कोरडीच आहे, मामांची पेरणी झालीय. थोरलीनं रिकाम्या काड्यापेटीला सुईनं भोकं पाडून तयारी करून ठेवलीय. आणि सासूबाईंनी करंडा उचलून वरच्या फळीवर ठेवलाय, पण परवा मी बघितलं, झाकण किलकिलंच होतं.

नमस्कार.