महापौरांची नात

(दृश्य: अथेन्स, थिसिओ भाग. जुन्या कारखान्याची इमारत बाहेरून, मग आतला अंधार.)

इथं एके काळी टोप्या तयार व्हायच्या. आता हे अथेन्स महापालिकेचं सांस्कृतिक केंद्र आहे आणि त्याचं नाव आहे 'मेलिना'. आडनाव लावायची गरज कुणाला वाटलेली नाही.

आत जुनं अथेन्स उभं केलंय. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं, दुकानांच्या दर्शनी भागांसकट. ह्या अथेन्सचे महापौर होते स्पीरोस मेर्कूरिस. आधी १८९९ ते १९१४, मग पुन्हा १९२९ ते १९३४. दोन्ही मिळून वीस वर्षं. पुढं अभिनेत्री म्हणून गाजलेली आणि ग्रीसची सांस्कृतिक मंत्री झालेली मेलिना मेर्कूरी ही त्यांची नात. ग्रीकांमध्ये पुरुषाचं आडनाव मेर्कूरिस असेल तर घरातली बाई मेर्कूरी होते, एवढं ध्यानात ठेवलं की पुढं गोंधळ होणार नाही.

(दृश्य: पांढरा पडदा. मागून दिवा. कारागिओझिस येतो.)

कॅमेरा इथं जरा जास्तच रेंगाळलाय, पण ते बघण्यासारखंच आहे. ह्याच इमारतीत सावल्यांच्या खेळाचं संग्रहालय आहे. पडद्याच्या डाव्या हाताला मोडकळीला आलेली झोपडी, उजव्या हाताला वजिराचा वाडा. झोपडीत राहणारा हा कुबड आलेला, अनवाणी, सदा भुकेला कारागिओझिस. त्याचा एक हात बघा, कमरेच्या खालपर्यंत लोंबतोय. सांधे जोडून जोडून तो लांब केलेला असतो, कारण चापट मारणं आणि भाकरी पळवणं ही दोन्ही कामं त्याच हातानं करायची. बाहुलीच्या पाठीला आडवी काठी. खेळवणारा माणूस एकच. म्हातारीचा आवाज त्याचा, वजिराचाही त्याचा आणि भांडणात दोघांचेही त्याचेच. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी बघितल्यात, त्यांना हा पडदा परका वाटायचा नाही.

स्पीरोस मेर्कूरिस पहिल्यांदा महापौर झाले तेव्हा अथेन्समध्ये गोरगरिबांचं नाटक हे असं होतं. मोठ्या लोकांचं नाटक वेगळ्या रस्त्यावर चाललं होतं.

(दृश्य: आयिउ कोन्स्तान्दिनू रस्ता. राष्ट्रीय रंगभूमीची इमारत, खांबांवरून वर जाणारा कॅमेरा.)

ही इमारत एर्न्स्ट त्सिलर ह्या वास्तुरचनाकाराची. १९०१ साली राजाच्या आश्रयानं इथं पडदा वर गेला. दोनच वर्षांनी ह्याच रंगमंचावर प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकांचा प्रयोग झाला, आणि तो प्राचीन ग्रीकमध्ये न करता सोप्या भाषेत केला म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले. दंगल झाली, माणूस दगावला. नाटकावरून. आपल्याकडंही नाटकावरून मोर्चे निघालेत, तेव्हा हसण्याचं कारण नाही. सांगायचं एवढंच, की ज्या शहराचा कारभार आजोबा बघत होते, त्या शहरात रंगमंच ही जिवावर उदार होऊन भांडायची गोष्ट होती.

(दृश्य: पानाथिनाइको स्टेडियम. संगमरवरी पायऱ्या, सकाळचं ऊन.)

आणि हे आजोबांच्या काळातलं सगळ्यात मोठं नेपथ्य. १९०६ साली इथं ऑलिंपिकच्या धर्तीवर खेळ भरले. पुढं ऑलिंपिक समितीनं ते अधिकृत धरले नाहीत, ही वेगळी गोष्ट. पण अथेन्सनं जगभरचे पाहुणे ह्या पायऱ्यांवर बसवले आणि तेव्हा यजमान शहराचे महापौर स्पीरोस मेर्कूरिस होते.

मेलिनाचा जन्म १९२० चा. आजोबा दुसऱ्यांदा खुर्चीवर बसले तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. त्यांच्या घरात ती वाढली. मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत आजोबांबद्दल ती ज्या मायेनं बोलते, तसं फारच थोड्यांबद्दल बोलते. वडील स्तामातिस हेही राजकारणात, संसदेचे सभासद. म्हणजे घरात माणसांची ये-जा, बैठकी, भाषणं. महापौरांचं बोट धरून चालणाऱ्या पोरीकडं माना वळणारच. नाट्यशाळेत काय शिकवतील ते शिकवोत. लोक आपल्याकडं बघतायत हे अंगवळणी पडणं आणि त्या बघण्याला न बिचकणं, हा धडा तिला घरी मिळाला. निदान आमचा तरी असा कयास आहे.

१९३४ च्या पालिका निवडणुकीनंतर आजोबांची खुर्ची दुसऱ्याकडं गेली. ग्रीसमधल्या बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं ते ह्याच निवडणुकीत, तेही फक्त तिशी ओलांडलेल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनी. आजोबा १९३९ साली गेले. नात रंगमंचावर उभी राहिलेली त्यांनी पाहिली नाही.

(दृश्य: एका पालिका नाट्यमंडळाची तालीम. रिकामं सभागृह, जमिनीवर चिकटपट्टीनं आखलेलं वर्तुळ.)

मेलिनाचे गुरू दिमित्रिस रोंदिरिस. राष्ट्रीय रंगभूमीच्या नाट्यशाळेत ती त्यांच्या हाताखाली शिकली. रोंदिरिस प्रसिद्ध होते ते कोरसच्या बोलण्यासाठी. प्राचीन ग्रीक नाटकात गावकरी, म्हातारे, बंदिवान बायका, असा एक जमाव कायम रंगमंचावर असतो. तो नाचतो, गातो, घाबरतो, आणि मुख्य म्हणजे एका तोंडानं बोलतो. हे एका तोंडानं बोलणं म्हणजे काय असतं, ते ह्या तालमीत बघा.

आधी शब्द नाहीतच. नुसता श्वास. सगळ्यांनी एकदम घ्यायचा. दिग्दर्शिका टेबलावर पंजा आपटते. पुन्हा श्वास. आता पहिली ओळ. डावीकडून तिसरी मुलगी शेवटचं अक्षर किंचित लांबवते आणि ओळीचं टोक फाटतं. थांबा. पुन्हा. ह्या वेळी सगळे एकदम सुटले, पण एकदम थांबले नाहीत. पुन्हा. ओळीचा अर्थ अजून कुणी विचारलेला नाही. आधी पंधरा छात्या एकत्र वरखाली व्हायला हव्यात. बराच वेळ हेच चालतं. मग अचानक एका ओळीला खोली भरून जाते आणि दिग्दर्शिका पंजा आपटायची थांबते.

अशा शिस्तीतून मेलिना १९४४ साली बाहेर पडली. शहर तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं, उपासमारीत हजारो माणसं गेली होती. त्या अथेन्सचं आमच्याकडं चित्रण नाही.

पहिली मोठी भूमिका आली ती १९४५ मध्ये, अमेरिकन नाटककार यूजिन ओनीलच्या नाटकात. एस्किलसची तीच कथा ओनीलनं अमेरिकेत नेऊन बसवली होती. आजोबांच्या कारकिर्दीत जिच्यावरून दंगल झाली, ती कथा अशी समुद्र ओलांडून परत आली आणि नातीच्या हाती लागली. १९४९ मध्ये दिग्दर्शक कारोलोस कून ह्यांच्या मंडळात तिनं टेनेसी विल्यम्सच्या नाटकातली ब्लांश केली आणि अथेन्सनं तिची दखल घेतली.

(दृश्य: पिरेयस बंदर. बोटी, मासळीच्या पेट्या, धक्क्यावरची गर्दी.)

सिनेमातली मेलिना दाखवायची तर हक्क विकत घ्यावे लागतात आणि ते आमच्या खिशाला झेपणारे नाहीत. म्हणून हे बंदर बघा. १९६० साली दिग्दर्शक ज्यूल्स दासँच्या सिनेमात ती ह्याच पिरेयसची बाई झाली, बिनधास्त, धंदा करणारी, रविवारी सुट्टी घेणारी. पुढं तिनं दासँशीच लग्न केलं. कानच्या महोत्सवात तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला आणि संगीतकार मानोस हाजिदाकिसच्या त्यातल्या गाण्याला ऑस्कर. तो घोगरा, सिगारेटनं भाजलेला आवाज जगाला माहीत झाला तो तेव्हा.

एप्रिल १९६७. ती न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवेवर. ११ तारखेला प्रयोगाचा शुभारंभ, २१ तारखेला ग्रीसमध्ये लष्करातल्या कर्नलांनी सत्ता बळकावली. ती गप्प बसली नाही. जुलैमध्ये तिचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. हुकूम काढणारा त्यांच्या सरकारातला गृहमंत्री पाट्टाकोस. तिचं उत्तर सगळ्या ग्रीसला पाठ आहे: मी ग्रीक म्हणून जन्मले, ग्रीक म्हणूनच मरेन, पाट्टाकोस फॅसिस्ट म्हणून जन्मला, फॅसिस्ट म्हणूनच मरेल. सात वर्षं परदेशात गेली. १९७४ साली कर्नल पडले आणि ती परतली. पहिली निवडणूक थोडक्या मतांनी हुकली. १९७७ साली पिरेयसनंच तिला संसदेत पाठवलं आणि १९८१ साली ती सांस्कृतिक मंत्री झाली.

(दृश्य: अक्रोपोलिस संग्रहालय, वरचा मजला. काचेबाहेर पार्थेनॉन.)

ह्या मजल्याची दिशा मुद्दाम पार्थेनॉनला, म्हणजे समोरच्या टेकडीवरच्या प्राचीन मंदिराला, समांतर ठेवलीय. भिंतीवरून त्या मंदिरावरची दगडात कोरलेली मिरवणूक चाललीय: घोडेस्वार, बैल, पाण्याचे घडे वाहणारी माणसं. जवळून बघा. हा दगड मधाच्या रंगाचा, आणि त्याला लागूनच हा पांढराफटक. मधाळ रंगाचा अस्सल. पांढरा म्हणजे प्लास्टरचा साचा, कारण अस्सल लंडनला आहे. एकाच घोड्याचं डोकं ह्या देशात आणि पाय त्या देशात, असंही आहे. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे दगड उतरवले आणि १८१६ साली ब्रिटिश सरकारनं ते विकत घेतले.

१९८२ साली युनेस्कोच्या मेक्सिकोतल्या परिषदेत मेलिनानं ते परत मागितले. पुढच्या वर्षी ती ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन त्या दगडांसमोर उभी राहिली. १९८६ साली ऑक्सफर्डच्या वादसभेत बोलली. डोळ्यांत पाणी आणून बोलायची, म्हणून टीका व्हायची, की ही नाटकी बाई आहे. होतीच. नाटक हा तिचा धंदा होता, आणि कोरड्या टिपणांनी दीडशे वर्षांत जे झालं नाही ते तिनं केलं: पार्थेनॉनचे दगड हा विषय जगाच्या तोंडी बसवला. दगड अजून लंडनलाच आहेत.

उसने देऊ, असं तिकडून सुचवलं जातं. उसने घ्यायचे तर मालकी त्यांची मान्य करावी लागते, म्हणून ग्रीस तयार नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला वाघनखं आली, तीही तीन वर्षांच्या बोलीनं. आपण रांगा लावून बघितली.

(दृश्य: पुन्हा तालीम. कोरस आता उभा राहून, पावलांसकट.)

लोकांच्या लक्षात राहिले ते दगड. आमच्या मते तिचं खरं काम ह्या खोलीत आहे. १९८३ पासून तिच्या खात्यानं राजधानीबाहेरच्या शहरांत पालिकांची नाट्यमंडळं उभी करायला सुरुवात केली. कालामाता, यानिना आणि आणखी गावं. नाट्यगृह नव्हे, मंडळ: पगारी नट, तालीम, स्वतःची निर्मिती. काही पैसे सरकारचे, काही जबाबदारी गावाची. आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक शहरात पालिकेचं नाट्यगृह आहे आणि त्याच्या गळक्या छपराबद्दल वर्तमानपत्रांत पत्रं येतात. पालिकेची स्वतःची नाटकमंडळी असावी, हे आपल्या कुठल्या महापौरांना सुचलंय?

तिला सुचलं, आणि ते एका महापौराच्या घरात वाढलेल्या बाईला सुचावं ह्यात आम्हाला नवल वाटत नाही. शहर म्हणजे रस्ते, दिवे, गटारं आणि त्याच यादीत नाटक, असं बघायला त्या घरात वाढावं लागतं. राजाच्या आश्रयाचं थिएटर आजोबांच्या शहरात होतंच. नातीनं ते गावांच्या हवाली केलं.

६ मार्च १९९४ ला ती न्यूयॉर्कच्या इस्पितळात वारली, पुन्हा मंत्रिपदावर असतानाच. अंत्ययात्रेला अथेन्स लोटलं. पालिकांच्या मंडळांचं पुढं सगळीकडं चांगलं झालं नाही. २०१० नंतरच्या आर्थिक संकटात पैसे आटले, काही ठिकाणी पगार थकले. ह्या तालमीतली मंडळी अजून टिकून आहेत.

दिग्दर्शिका घड्याळाकडं बघते. सभागृह आठ वाजता रिकामं करून द्यायचंय, नंतर तिथं पालिकेची बैठक आहे. एक ओळ राहिलीय. पुन्हा श्वास.