तुरीचा कुठला वाण अळीला पुरून उरतो?

नोव्हेंबरच्या आसपास बार्शी, अक्कलकोटकडं फिरलात तर तूर पिवळ्या फुलांनी नुसती भरलेली दिसते, आणि नेमकं तेव्हाच दोन दिवस आभाळ आलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आता शेंगा पोखरणारी घाटेअळी येणार. मग दुकानात विचारणा, अळी न लागणारं बियाणं आहे का? दुकानदार म्हणतो आहे की! त्याचं काय जातंय.

पण हे खरं ठरवायचं कसं? लवकर फुलणारा वाण कधी कधी अळीचा जोर यायच्या आधीच शेंगा भरून मोकळा होतो, त्यात त्याची ताकद कसली, ते टायमिंग झालं. म्हणून ट्रायलला एकाच सुमाराला फुलणारे वाण एका गटात घेतात, प्रत्येक वाण शेतात तीन-चार जागी लावतात आणि अधेमधे अळीला हमखास बळी पडणाऱ्या तुरीच्या ओळी ठेवतात, फवारणी बंद. त्या ओळींनाच अळी लागली नाही तर बाकीच्यांचा निकाल धरण्यात अर्थ नाही.

मोजणी बघण्यासारखी असते. झाडाखाली पोतं अंथरून झाड हलवलं की अळ्या टपाटपा पडतात, त्या मोजायच्या. काढणीला शेंगा तोडून एकेक फोडायची. मोठं गोल भोक असलं तर घाटेअळी, ही डोकं शेंगेत आणि बाकी अंग बाहेर ठेवून खाते. शेंगमाशी मात्र लबाड, शेंग वरनं चांगली दिसते, फोडली की दाणा कुरतडलेला आणि आत पांढरी अळी नाहीतर तपकिरी कोष, म्हणजे नुसतं वरवर बघणाऱ्याकडं असा माशी लागलेला वाण आरामात पास.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं अशाच चाचण्यांतून आयसीपीएल ३३२ म्हणजे अभया हा वाण काढला, तो घाटेअळीला बऱ्यापैकी सहन करतो, पण अळीचा जोर असला की त्यालाही फवारा लागतोच. आशा वाण गाजला तो मर (उभं झाड वाळणं) आणि वांझ (झाडाला फुलं-शेंगा न धरणं) या रोगांपुढं टिकतो म्हणून, अळीसाठी नाही, इथं लई जणांची गल्लत होते.

खरी चिवट निघाली जंगली तूर. आपल्या तुरीच्या शेंगेवरच्या लवेतून जो स्राव येतो त्यानं अळीला उलट खायची चटकच लागते, जंगलीच्या शेंगेवर मात्र कोरडी दाट लव, बारकी अळी त्यातच अडकते, शेंगेपर्यंत पोचतच नाही. दोन्हींचा संकर होतो, पण जंगलीचा दाणा बारीक, त्यामुळं तिची लव घ्यायची आणि दाणा आपला ठेवायचा यात नवा वाण तयार करणाऱ्या पैदासकाराची वर्षं जातात.