पातळ भिंतींमधलं संगीत

(दृश्य : अरुंद जिना. वर अर्धं उघडं दार.)

आत प्रयोगशील संगीताची मैफल आहे हे खालून जाणाऱ्याला कळायचंही नाही. वर एकच खोली, मोजक्या खुर्च्या. त्या भरल्या की उरलेली मंडळी जमिनीवर बैठक मारतात, अगदी वादकाच्या पायांशी.

(दृश्य : वाद्यांचं टेबल, जवळून.)

गिटार टेबलावर आडवी आहे. लंडनमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या ‘एएमएम’ या गटात कीथ रो ती अशीच आडवी ठेवून वाजवायचे. गिटार मांडीवरून उतरली की बोटांना लागलेली जुनी वळणं सुटतात. मग तारांवर स्प्रिंग ठेवता येते, छोटा पंखा फिरवता येतो.

शेजारी मिक्सर आहे, म्हणजे माइक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करायचं यंत्र. त्याला ना माइक जोडलाय, ना वाद्य. त्याचं आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटमध्ये दिलंय. स्वतःचाच आवाज तो पुन्हा पुन्हा वाढवत राहतो. बटण केसभर फिरलं तरी शिट्टीचा घुमारा होतो. जपानच्या तोशिमारू नाकामुरांनी हा मिक्सरच आपलं वाद्य केला.

(दृश्य : रिकाम्या खोलीच्या भिंती.)

नाकामुरा वाजवायचे त्या जागांपैकी एकीची गोष्ट सांगायलाच हवी. तोक्योच्या योयोगी भागात एका जुन्या लाकडी घरात ‘ऑफ साइट’ नावाची छोटी जागा होती. अत्सुहिरो आणि युकारी इतो यांनी ती २००० ते २००५ या काळात चालवली. भिंती पातळ, शेजार खेटून. मोठ्यानं वाजवायची सोयच नव्हती. मग वादकांनी आवाज खाली आणला, इतका खाली की रस्त्यावरची गाडी आणि शेजारच्याच्या कपड्यांची सळसळही मैफलीत ऐकू यायची. तिथल्या वादक साचिको एम सॅम्पलर, म्हणजे साठवलेले आवाज वाजवणारं यंत्र, वाजवायच्या, पण त्यात एकही ध्वनिमुद्रण भरलेलं नसायचं; यंत्रातला तपासणीसाठीचा बारीक, सरळ सूर तेवढा त्या सोडायच्या. या मंडळींचा कल आधीपासूनच शांततेकडे होता. त्या घरानं तो आणखी टोकाला नेला. जागा लहान म्हणून संगीत अडलं नाही, उलट त्याला स्वतःचा चेहरा मिळाला, असं मला ठामपणे वाटतं.

(दृश्य : श्रोते. एक मुलगी मान किंचित वळवते.)

हिच्याकडे नीट बघा. सूर तोच आहे, पण मान हलली की तिला तो मोठा-लहान होताना ऐकू येतोय. १००० हर्ट्झच्या सुराची हवेतली तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर असते. भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला भेटते; कुठे दोघी मिळून आवाज वाढवतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. या दोन जागांमध्ये जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर अंतर. म्हणजे खोलीत जितके कान, तितक्या मैफली. ध्वनिमुद्रणाला माइक ठेवला तिथलीच एक मिळते. म्हणून अशा संगीतासाठी जिना चढून यायचं.

पहिल्यांदा येणारा सम शोधतो. ती सापडत नाही म्हणून पहिली काही मिनिटं अस्वस्थ जातात. बसून राहावं. एखादा आवाज कुठून आला आणि कुठे विरला, एवढाच मागोवा घेतला तरी पुरतं.

(दृश्य : कार्यक्रमानंतर. वादक वायरी गुंडाळताना.)

अशा जागा टिकवणं अवघड असतं, आणि प्रत्येक जागा आपापली वाट काढते. लंडनच्या डॉल्स्टन भागात २००८ साली उघडलेलं ‘कॅफे ओटो’ दिवसा कॅफे असतं, रात्री मैफलीची जागा. न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन झोर्न यांनी २००५ साली ‘द स्टोन’ सुरू केलं, तेव्हा तिथे खाणंपिणं ठेवलंच नाही. तिकिटाचे सगळे पैसे वादकांचे, हा नियम केला.

इथेही आता दाराशी जमलेले पैसे मोजून वादकांमध्ये वाटले जातायत. दोन श्रोते मात्र अजून मिक्सरवर ओणवे आहेत. वादकानं गुंडाळलेली वायर पुन्हा सोडलीय, आणि कुठून निघून कुठे जाते ते तो त्यांना दाखवतोय.