यूटामध्ये तिकीट कोण देतं?

अमेरिकेच्या यूटा राज्यात 1980 नंतर डेमोक्रॅटिक पक्षाला गव्हर्नरपदाची एकही निवडणूक जिंकता आलेली नाही. त्यामुळे नोव्हेंबरातल्या मतदानाचा निकाल बहुधा आधीच ठाऊक असतो. खरी चुरस असते ती रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटासाठी. तिची सुरुवात वसंत ऋतूच्या तोंडावर, एखाद्या शाळेच्या वर्गात भरलेल्या बैठकीतून होते.

या बैठकीला कॉकस म्हणतात. आपल्याकडे एका मतदान केंद्राची यादी असते, साधारण तेवढ्या वस्तीतले पक्षाचे मतदार इथे जमतात. दारात ओळखपत्र आणि पक्षनोंदणी तपासली जाते. मग वस्तीचा अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडायचे आणि त्याच बैठकीत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) व राज्याच्या पक्ष-अधिवेशनासाठी प्रतिनिधी. नावं तिथल्या तिथे पुढे येतात, इच्छुक मिनिट-दोन मिनिटं बोलतात आणि चिठ्ठ्यांवर मतदान होतं.

अडचण इथेच आहे. कॉकसमध्ये मत द्यायचं तर सहसा स्वतः हजर राहावं लागतं. रात्रपाळीवर गेलेली नर्स बाद. दाराशी रांग लांबली की प्रतिनिधींची निवड उशिरा होते आणि लहान मुलं घेऊन आलेली माणसं उठून जातात. शेवटपर्यंत थांबतात ते पक्के कार्यकर्ते. स्वाभाविकच प्रतिनिधीही बहुतेक त्यांच्यातलेच निवडले जातात.

पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्य अधिवेशनाला असे सुमारे चार हजार प्रतिनिधी जमतात. तिथला नियम नीट समजून घ्यायला हवा. मतदान फेऱ्याफेऱ्यांनी होतं आणि मागे पडलेले उमेदवार गळत जातात. शेवटच्या फेरीत एकाला 60 टक्के मिळाले, तर अधिवेशनापुरता तोच विजेता. तेवढे कुणालाच मिळाले नाहीत, तर पहिले दोघे जूनमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या सर्व नोंदणीकृत मतदारांपुढे जातात. 2010 मध्ये अमेरिकी सिनेटचे तीन वेळा निवडून आलेले सदस्य बॉब बेनेट अधिवेशनातच दुसऱ्या फेरीत बाहेर पडले. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर त्यांचं नावच आलं नाही. सामान्य मतदारांना त्यांच्याबद्दल काय वाटत होतं, हे कधी कळलंच नाही.

या व्यवस्थेविरुद्ध सह्यांची मोहीम उभी राहिली. सगळी अधिवेशनपद्धतच मोडीत निघेल, या धास्तीने विधिमंडळाने 2014 मध्ये तडजोडीचा कायदा केला. अधिवेशन राहिलं, पण शेजारी दुसरं दार उघडलं: मतदारांच्या सह्या गोळा करा आणि थेट प्रायमरीत या. गव्हर्नरपदासाठी 28,000 सह्या लागतात, राज्याच्या सिनेटसाठी 2,000 आणि राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी 1,000. पक्ष न्यायालयात गेला, हरला आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही दखल द्यायला नकार दिला.

सह्या ऐकायला सोप्या वाटतात, पण एक कागद जवळून बघा. प्रत्येक ओळीवर मतदाराचं नाव, पत्ता आणि सही. निवडणूक कार्यालयातला कर्मचारी ती सही मतदार नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतो. सही जुळली नाही तर ओळ बाद. मतदार दुसऱ्या पक्षाचा निघाला तरी बाद. शिवाय एका पदासाठी एका मतदाराची एकाच उमेदवाराला दिलेली सही चालते. म्हणून उशिरा उतरणाऱ्याची गोची होते, कारण उत्साही मतदारांच्या सह्या आधीच दुसरीकडे गेलेल्या असतात. शहाणा उमेदवार लागतात त्याहून कितीतरी जास्त सह्या आणतो. त्यासाठी पैसे देऊन माणसं नेमावी लागतात. पैसा नसलेल्या उमेदवाराला अधिवेशनाचं दारच परवडतं, ही अधिवेशनाची खरी जमेची बाजू आहे आणि विरोधकांनीही ती मान्य करायला हवी.

या दोन दारांनी काय फरक पडतो, ते 2024 मध्ये दिसलं. एप्रिलच्या अधिवेशनात गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांना जेमतेम एक तृतीयांश मतं पडली. त्यांचे प्रतिस्पर्धी फिल लायमन यांनी 60 टक्क्यांची रेषा सहज ओलांडली. जुना नियम असता तर कॉक्स यांची कारकीर्द तिथेच संपली असती. पण त्यांच्याकडे सह्या होत्या. जूनच्या प्रायमरीत त्यांनी सुमारे 54 टक्के मतं घेऊन लायमन यांना हरवलं. सभागृहातला पक्ष आणि घरोघरचा पक्ष यांच्यात एवढी तफावत होती. नोव्हेंबरात लायमन यांनी मतदारांना मतपत्रिकेवर आपलं नाव हाताने लिहायला सांगितलं, तरी कॉक्सच पुन्हा गव्हर्नर झाले.

नव्या कायद्याने एक भोक मात्र ठेवलं आहे. दोन दारांमुळे प्रायमरीत गर्दी होते आणि तिथे दुसरी फेरी नसते. 2020 मध्ये चार उमेदवार होते. कॉक्स सुमारे 36 टक्के मतांवर जिंकले, जॉन हंट्समन अगदी थोडक्यात मागे राहिले. म्हणजे पक्षाच्या दर तीन मतदारांपैकी जवळपास दोघांची पसंती दुसरी होती. अधिवेशनात फेऱ्या घेऊन विजेत्याला बहुमतापर्यंत आणलं जातं. लाखो मतदारांच्या प्रायमरीत तशी सोय आजही नाही आणि ती व्हायला हवी.